घरी फायबरची जोडणी घ्यावी की मोबाइलच्या इंटरनेटवरच भागवावे?

शंकासुर

घरच्या इंटरनेटचा निर्णय आम्ही बरेच दिवस लांबणीवर टाकला होता, तो आता घ्यावाच लागेल असे दिसते. आतापर्यंत सगळा कारभार मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असे. मात्र सध्या घरून ऑफिसचे काम करणारे दोघे आणि ऑनलाइन वर्गाला बसणारी मुलगी अशा तिघांना एकाच वेळी नेट लागते, आणि दुपारी सुरळीत चालणारा व्हिडिओ कॉल संध्याकाळ झाली की हटकून अडखळू लागतो.

आमच्यापुढे तीन पर्याय आहेत: बारीक काचतंतूतून येणारे फायबर, केबल टीव्हीच्या जाड तारेतून येणारे ब्रॉडबँड आणि सिम घालून चालणारा ५जी राउटर. तिन्हींच्या माहितीपत्रकांत वेगाचा आकडा ठळक अक्षरांत छापला आहे आणि बाकीचे सगळे ‘अटी लागू’ या दोन शब्दांत गुंडाळले आहे. नेमका किती वेग पुरतो, जोडणी घेण्याआधी काय काय विचारून घ्यावे, आणि घर जुन्या बांधणीचे व भिंती जाड असल्यास वाय-फायचे काय करावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तारमास्तर

वेगाच्या आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण गोंधळही तिथूनच सुरू होतो. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फाइल उतरवताना पडद्यावर दिसणारा आकडा मात्र बहुधा मेगाबाइटमध्ये असतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. ‘घेतले शंभर आणि मिळतात बाराच’ या प्रकारच्या बऱ्याच तक्रारी या एका भागाकाराने निकालात निघतात.

आता गरजेचा हिशेब पाहू. अनेक जण सहभागी असलेल्या स्पष्ट व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी तीन-चार एमबीपीएस पुरतात, तर ४के दर्जाच्या चित्रपटाला साधारण पंधरा ते पंचवीस लागतात. तुमच्याकडचे तिघे एकाच वेळी कॉलवर असले आणि शेजारच्या खोलीत कोणी चित्रपट लावून बसले, तरी बेरीज पन्नासच्या आतच राहते. म्हणजे तीनशे, पाचशे आणि हजार यांतला फरक तुम्हाला जाणवेल तो फक्त अवाढव्य फाइली उतरवताना. माझे स्पष्ट मत असे की, कमी वेगाचा प्लॅन चालेल पण तो चांगल्या तारेवरचा हवा. डळमळीत तारेवर मोठ्या आकड्याचा प्लॅन घेऊन काहीही साधत नाही.

तारेचा प्रकार म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. घरगुती फायबरमध्ये बहुतेक ठिकाणी जीपॉन हे तंत्र वापरतात. त्यात एका काचतंतूतून खाली येणारा प्रवाह सुमारे २.५ जीबीपीएस (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) आणि वर जाणारा सुमारे १.२५ जीबीपीएस असतो, आणि वाटेतल्या स्प्लिटरमधून तो साधारणपणे ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. एक्सजीएस-पॉन या नव्या पद्धतीत दोन्ही दिशांना १० जीबीपीएस मिळतात. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नसल्यामुळे ही वाटणी सहसा जाणवत नाही. केबलच्या तारेतही अशीच वाटणी असते, पण तिथे वर जाणाऱ्या प्रवाहासाठी राखलेला पट्टा पूर्वापार अरुंद आहे, त्यामुळे ‘डाउनलोड दोनशे, अपलोड दहा’ असे विषम आकडे दिसतात. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे डीएसएल अजून कुठे मिळत असेल, तर एक्स्चेंजपासून किंवा रस्त्यावरच्या पेटीपासून घराचे अंतर आधी विचारा, कारण अंतर वाढले की वेग झपाट्याने ढासळतो.

जोडणी देणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते असा: फायबर थेट घरात येणार की इमारतीपर्यंतच येऊन तिथून पुढे साधी लॅन केबल किंवा तांब्याची तार येणार? दोन्हींना सर्रास ‘फायबर’ म्हटले जाते. दुसऱ्या प्रकारात जिन्याखालच्या स्विचची वीज गेली की तुमच्या घरात वीज असूनही नेट बंद पडते. त्यानंतर अपलोडचा वेग, डेटाची मर्यादा ओलांडल्यावर उरणारा वेग, राउटर भाड्याचा की मालकीचा, मुदतीआधी जोडणी सोडल्यास काय भरावे लागते, आणि बिघाड किती तासांत दुरुस्त करण्याचे लेखी आश्वासन आहे, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गुळमुळीत बोलू लागला, तर त्याच इमारतीत तीच जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडे चौकशी करावी. त्याच्याइतका खरा माहितगार दुसरा नाही.

गवाक्ष

तारमास्तरांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात मोबाइल ब्रॉडबँडला अगदीच बाजूला सारल्यासारखे वाटले. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला, वारंवार घर बदलणाऱ्याला किंवा ज्याचा घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही अशाला ५जी राउटर हा सोयीचा आणि पुष्कळदा पुरेसा पर्याय असतो. सिम घातले, राउटर खिडकीशी ठेवला, की काम सुरू. जोडणीसाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

शंकासुर यांचा अनुभव हॉटस्पॉटचा आहे आणि त्यावरून सगळ्या मोबाइल इंटरनेटची परीक्षा करणे बरोबर नाही. फोनचे अँटेना लहान असतात, फोन हातात किंवा टेबलावर कुठेही पडलेला असतो, आणि तो तापला की स्वतःहून वेग कमी करतो. राउटरमध्ये मोठे अँटेना असतात आणि एकदा चांगली जागा सापडली की तो तिथून हलत नाही. हॉटस्पॉटवरच दिवस काढायचे असतील, तर निदान लॅपटॉप यूएसबी केबलने फोनला जोडावा, म्हणजे फोन आणि लॅपटॉप यांच्यातला वाय-फायचा दुवा तरी वगळला जातो.

उत्तरायण

राउटर आणि हॉटस्पॉट यांतला फरक मान्य आहे, पण शंकासुर यांच्या तक्रारीतला कळीचा शब्द ‘संध्याकाळी’ हा आहे. एका टॉवरच्या एका दिशेच्या टप्प्यात येणारे सगळे फोन तीच क्षमता वाटून घेतात. संध्याकाळी माणसे घरी परततात, सगळ्यांचे व्हिडिओ सुरू होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी उरते. फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसत असताना नेट रांगते ते यामुळेच. दांड्या सिग्नलची ताकद दाखवतात, टॉवरवरची गर्दी दाखवत नाहीत. चांगला राउटर आणून सिग्नल सुधारेल, गर्दी मात्र तशीच राहील. म्हणून मोबाइलची जोडणी घेण्याआधी त्याच कंपनीचे सिम फोनमध्ये घालून रात्री आठ ते अकराच्या दरम्यान, आणि शक्यतो सुट्टीच्या दिवशीही, वेग तपासावा. सकाळी दहा वाजता घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नाही.

दुसरा मुद्दा विलंबाचा, म्हणजे पिंगचा. वेग कितीही असला तरी कॉल अडखळण्याचे कारण पुष्कळदा वेगळेच असते. घरातल्या एखाद्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की अपलोडची अरुंद वाट भरून जाते, राउटरमध्ये डेटाच्या तुकड्यांची लांबलचक रांग लागते, आणि एरवी वीस मिलिसेकंदांत येणारे उत्तर पाचशे मिलिसेकंदांनी येऊ लागते. याला बफरब्लोट म्हणतात. तपासणी सोपी आहे: एका संगणकावर पिंग ही उत्तराला लागणारा वेळ दाखवणारी आज्ञा चालू ठेवावी, दुसऱ्या यंत्रावरून मोठी फाइल अपलोड करावी आणि आकडे पाहत बसावे. ते दसपट वाढत असतील, तर मोठा प्लॅन घेण्याआधी राउटरमध्ये एसक्यूएम किंवा ‘स्मार्ट क्यू’ अशा नावाची, डेटाची रांग आखूड ठेवणारी सोय आहे का ते पाहावे. त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत निवडून मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या सुमारे नव्वद टक्क्यांवर ठेवली, की रांग राउटरच्या ताब्यात येते आणि कॉल सुरळीत चालतात. जोडणीचा वेग थोडा कमी करून नेट सुधारते हे ऐकायला उफराटे वाटते, पण ते तसेच आहे.

रानवारा

आमच्या भागात फायबर आलेलेच नाही आणि लवकर येण्याची चिन्हेही नाहीत, त्यामुळे माझा प्रतिसाद मोबाइलवर अवलंबून असलेल्यांसाठी आहे.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर, आणि बहुतेक फोनमध्येही कुठेतरी खोलवर, आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे सापडतात. आरएसआरपी ही सिग्नलची ताकद असून ती उणे आकड्यात असते. उणे ८० ते ९० असेल तर उत्तम, उणे ११०च्या पलीकडे गेली तर अडचण ठरलेली. एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे हे सांगणारा आकडा. तो वीसच्या आसपास असेल तर फार छान, आणि शून्याच्या खाली गेला तर ताकद असूनही उपयोग नाही. राउटर हातात घेऊन घरभर हिंडावे, प्रत्येक खिडकीशी थोडे थांबावे आणि दोन्ही आकडे टिपून ठेवावेत. अवघ्या दोन हातांच्या अंतराने आकडे लक्षणीय बदलतात. उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ लेप दिलेल्या काचा सिग्नलही अडवतात, त्यामुळे खिडकीजवळ ठेवूनही काही फरक पडला नाही तर ती खिडकी उघडून पाहावी.

जाड भिंतींच्या घरात लहरींचा पट्टाही महत्त्वाचा असतो. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी आत येतात, पण त्यांच्यात क्षमता कमी. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या ५जीमध्ये क्षमता भरपूर, पण भिंतीपुढे ते लवकर थकते. ५जी सारखे येत-जात असेल, तर राउटर सरळ ४जीवर बांधून ठेवावा. स्थिर चाळीस एमबीपीएस हे धरसोड करणाऱ्या दोनशेपेक्षा कामाचे. बाहेर छतावर अँटेना लावायचा असेल, तर तो दोन अँटेनांच्या जोडीचा घ्या आणि मधली केबल शक्य तितकी आखूड ठेवा, कारण लांब केबल मिळवलेला सिग्नल वाटेतच खाऊन टाकते.

यांतले काहीच जमले नाही तर उपग्रहाचा मार्ग उरतो. पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत जाऊन-येऊन सहाशे मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, आणि त्यावर संभाषण करणे म्हणजे समोरच्याचे वाक्य संपले की नाही याचा अंदाज बांधत बसणे. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांमुळे हा विलंब शंभराच्या पुष्कळ खाली आला आहे. मात्र त्यांच्या तबकडीला मोकळे आकाश लागते. मध्ये एखादे झाड आले तरी जोडणी क्षणाक्षणाला तुटते.

शंकासुर

सर्वांचे मनापासून आभार. चौकशीअंती थेट घरात येणारे फायबर घेतले. जोडणीच्या दिवशी जे पाहिले ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

बाहेरून आलेली बारीक काळी तार त्यांनी भिंतीवरच्या लहानशा पेटीत आणली. तिथे केसासारखा काचतंतू सोलून, पुसून, टोक नीट कापून दुसऱ्या तुकड्याशी वितळवून जोडला, आणि त्याचे हिरव्या टोपीचे टोक ओएनटी नावाच्या, प्रकाशातून नेटचा डेटा काढणाऱ्या यंत्रात खोचले. त्याआधी हातातल्या मीटरवर येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा पाहिला, तो उणे १९ डीबीएम होता. तंत्रज्ञाने ‘चांगला आहे’ एवढेच सांगितले. हा आकडा कितपत चांगला? आणि उरलेल्या तारेचे वेटोळे कपाटामागे कोंबून ठेवले तर चालेल का?

दुसरी शंका अशी की, प्लॅन २०० एमबीपीएसचा असूनही केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर चाचणी घेतली की आकडा ९४वर येऊन थांबतो, त्यापुढे हलत नाही. फोनवर वाय-फायने मात्र १८० दिसतात. वाय-फाय केबलपेक्षा वेगवान कसे?

तारमास्तर

उणे १९ उत्तम आहे. जीपॉनच्या ओएनटीला साधारण उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यातला प्रकाश लागतो. उणे २५च्या पलीकडचा आकडा दिसला असता, तर जोड पुन्हा करून घ्यायला मी सांगितले असते, कारण पुढेमागे कुठे तार वाकली किंवा जोडात धूळ बसली की असे घर सर्वांत आधी बंद पडते. हा आकडा लिहून ठेवा. पुढे कधी बिघाड झाला, तर ‘जोडणीच्या दिवशी उणे १९ होते, आज किती आहे?’ असे विचारता येते, आणि मग ‘राउटर बंद करून चालू करा’ या उत्तरावर बोळवण होत नाही. ओएनटीवर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे आणि सेटिंगशी झटापट न करता सरळ तक्रार नोंदवावी.

तारेचे वेटोळे चालेल, मात्र ते तळहातापेक्षा लहान करू नका आणि कपाटाच्या पायाखाली किंवा दाराच्या फटीत दाबू नका. घरात वापरायच्या तारा हल्ली बऱ्याच वाकतात, पण तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतोच.

९४चे कोडे मात्र ओळखीचे आहे. शंभर एमबीपीएसच्या लॅन जोडणीतून चाचणीला प्रत्यक्षात एवढेच मिळतात, म्हणजे तुमची केबलची जोडणी हजारऐवजी शंभरवर बांधली गेली आहे. याची कारणे दोनच संभवतात. एक तर लॅपटॉप किंवा राउटरचे पोर्टच शंभरचे आहे. ‘३०० एमबीपीएस वाय-फाय’ असे खोक्यावर मिरवणाऱ्या पुष्कळ साध्या राउटरांची पोर्टे तशी असतात. नाहीतर केबलमधली एखादी जोडी तुटलेली आहे. हजारच्या वेगाला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभरला चारच पुरतात, त्यामुळे एक तार तुटली तरी नेट बंद न पडता गुपचूप शंभरवर उतरते. आधी कॅट ५ई किंवा त्यावरची दुसरी केबल लावून पाहा.

शंकासुर

केबल बदलली आणि आकडा १९६वर गेला. जुन्या केबलच्या टोकाचे प्लास्टिक तुटलेले होते.

सहजच

चर्चेत थोडी भर घालून एक शंका विचारतो. मी ५जी राउटर घेतला असून वेगाबद्दल काहीही तक्रार नाही, पण घरातल्या संगणकावर ठेवलेल्या फाइली बाहेरून उघडता येत नाहीत. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक संगणकाकडे वळवणे) करूनही उपयोग झाला नाही. हेच फायबर घेतल्यावर जमेल का?

उत्तरायण

राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे कंपनीच्या पत्ता-वाटणीच्या मागे आहात. जुन्या पद्धतीचे आयपीव्ही४ पत्ते कमी पडू लागल्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता वाटतात, आणि त्यासाठी २०१२ साली पत्त्यांचा हा पट्टा वेगळा राखून ठेवला गेला. अशा जोडणीत बाहेरून आलेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, मग पोर्ट फॉरवर्ड करून काय होणार? मोबाइल जोडण्यांत हे जवळपास ठरलेलेच असते, आणि फायबरवरही सर्रास आढळते, त्यामुळे नुसते फायबर घेऊन प्रश्न सुटेलच असे नाही. स्वतंत्र सार्वजनिक किंवा स्थिर पत्ता मिळतो का हे घेण्याआधी विचारावे. जोडणीला आयपीव्ही६ ही नवी, भरपूर पत्ते असलेली पद्धत असेल तर त्यातून मार्ग निघू शकतो. तेही नसेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनचा (नेटवरून जाणाऱ्या खाजगी जोडणीचा) बोगदा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत घरातूनच उघडावा. आतून बाहेर जाणारी जोडणी सीजीनॅट अडवत नाही.

गवाक्ष

शंकासुर यांनी फायबर घेतले ते योग्यच झाले, तरी मोबाइलचे सिम टाकून देऊ नये. फायबर तुटले की कधीकधी दिवसभर नेट नसते, आणि घरून काम करणाऱ्याला ते परवडत नाही. दोन जोडण्या सांभाळणारा राउटर घेतला, तर मुख्य जोडणी पडताच तो आपोआप सिमवर जातो. मात्र राखीव सिम दुसऱ्या कंपनीचे असावे. टॉवरलाही बहुधा फायबरच जोडलेले असते, आणि एकाच कंपनीची घरची तार व टॉवरची तार एकाच चरातून जात असली, तर एका खोदकामात दोन्ही बंद पडतात.

विजेचेही लक्षात ठेवा. काचतंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही; घरातली वीज गेली की ओएनटी आणि राउटर दोन्ही झोपतात. बहुतेक यंत्रे बारा व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटे डीसी यूपीएस मिळते आणि ते काही तास सहज काढते. घेताना दोन्ही यंत्रांच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत.

शंकासुर

सिम ठेवतो आहे, यूपीएसही पाहतो. आता एकच दुखणे उरले आहे. राउटर दर्शनी खोलीत आहे आणि मुलीची खोली दोन जाड भिंतींपलीकडे आहे. तिथे वाय-फाय दिसते, पण वर्ग चालू असताना मध्येच सुटते. सिग्नल पकडून पुढे पाठवणारा रिपीटर घ्यावा की एकमेकांशी जोडलेल्या अनेक यंत्रांचे मेश?

तारमास्तर

विकत घेण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. राउटर टीव्हीमागे किंवा कपाटात असेल तर तो बाहेर काढून उंचावर, घराच्या मध्याकडे सरकवा. त्यासाठी लॅन केबल किंवा फायबरची लांब दोरी घ्यावी लागली तरी ते मेशपेक्षा सोपे आहे. त्या खोलीतले यंत्र २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेले आहे की ५वर, हेही पाहा. जाड भिंतींपलीकडे २.४ अधिक पोहोचते, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि शेजाऱ्यांचे सगळे राउटर त्यांतच दाटीने बसलेले असतात. त्यांतल्या त्यात मोकळे असलेले चॅनेल निवडून पट्टा २० मेगाहर्ट्झ रुंदीचा ठेवावा.

एवढ्याने भागले नाही, तर माझा कौल लॅन केबलला आहे. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेशची यंत्रे चांगली असली तरी त्यांच्यातला आपसातला दुवा त्याच दोन भिंतींतून जाणार असेल, तर अडचण कायम राहते. जोत्याच्या कडेने एक केबल त्या खोलीत न्या, शंभर मीटरपर्यंत हजारचा वेग टिकतो, आणि तिच्या टोकाला एखादा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यासाठी लावा. त्यातली डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद करायची, पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्यायचा, केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये खोचायची आणि वाय-फायचे नाव व पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवायचे. जुन्या राउटरची पोर्टे शंभरची असली तरी वर्गासाठी ती भरपूर झाली. हात लावलाच आहात तर दोन्ही राउटरांचा कारखान्यातून आलेला ॲडमिन पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने वाय-फायला जोडू देणारी सोय) बंद करा. मुलीचा लॅपटॉप टेबलावर एकाच जागी राहत असेल, तर त्याला सरळ केबलच लावा.